इमिग्रेशन केस अडकलीय? काँग्रेसमनच्या ऑफिसला कधी लिहायचं, काय लिहायचं आणि त्यातून काय मिळतं

रोज सकाळी उठलं की आधी फोनवर केसचं स्टेटस बघायचं, आणि तिथे तेच वाक्य, केस मिळाली, पुढचं काही नाही. महिने जातात, ईएडीची, म्हणजे कामाच्या परवान्याची, मुदत संपायची तारीख जवळ येते, कंपनीतला एचआर सारखा विचारतो कार्ड कधी येणार, वकील म्हणतो थांबा, आणि मग कोणीतरी सांगतं, अरे काँग्रेसमनला लिही ना. हे ऐकल्यावर आपल्या लोकांच्या डोक्यात दोनच गोष्टी येतात असं मी बघितलंय. एक तर, आपण इथले सिटिझन नाही, आपलं मत नाही, आपलं कोण कशाला ऐकेल. नाहीतर एकदम दुसरं टोक, म्हणजे वशिला लागला, आता आठवड्यात ग्रीन कार्ड दारात. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे माणसं नुकसान करून घेतात, पहिल्यामुळे हक्काची मदत मागतच नाहीत आणि दुसऱ्यामुळे भलत्या कामासाठी भलत्या वेळी मागतात.

आधी एक छोटी गोष्ट, कारण नवीन आलेल्यांचा गोंधळ होतो. अमेरिकेतली काँग्रेस म्हणजे पक्ष नाही, संसद. तिची दोन सभागृहं, हाऊस आणि सेनेट. हाऊसमध्ये ४३५ सदस्य, प्रत्येकाचा स्वतःचा मतदारसंघ, आणि सेनेटमध्ये १०० जण, प्रत्येक राज्याचे दोन. म्हणजे तुम्ही कुठल्याही राज्यात राहत असाल तर तुमच्यासाठी तीन ऑफिसं आहेत, एक हाऊस मेंबरचं आणि दोन सेनेटरांची (राजधानी वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्यांना सेनेटर नाहीत, त्यांना हाऊसमधला एक डेलिगेट आहे). हाऊसच्या वेबसाइटवर झिप कोड टाकला की तुमचा मेंबर कोण ते कळतं, आणि एका झिप कोडमध्ये दोन मतदारसंघ येत असतील तर पूर्ण पत्ता विचारतात.

मत देता येत नाही याचा इथे काही संबंध नाही. ही ऑफिसं बघतात की तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता का. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असा, ग्रीन कार्डवर असा, राहत्या पत्त्याने तुम्ही त्यांचेच. सरकारपुढे गाऱ्हाणं मांडायचा हक्क अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत, म्हणजे १७९१ पासून आहे, आणि तिथे शब्द 'लोक' असा आहे, 'नागरिक' असा नाही. त्यामुळे आपण कोणाच्या नाकदुऱ्या काढतोय किंवा उपकार मागतोय असं मनात आणायचं कारण नाही.

आता काम कसं चालतं ते. काँग्रेसमन स्वतः तुमची फाईल बघत नाही. त्याच्या मतदारसंघातल्या ऑफिसात केसवर्कर नावाची माणसं असतात, त्यांचं रोजचं कामच हे, कोणाची सोशल सिक्युरिटी अडकलीय, कोणाचा पासपोर्ट, कोणा सैनिकाची पेन्शन, आणि इमिग्रेशन. पुष्कळ ऑफिसांमध्ये इमिग्रेशनच्या केसेस सगळ्यात जास्त असतात. यूएससीआयएस, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज बघणारं खातं, २००३ मध्ये सुरू झालं आणि ते होमलँड सिक्युरिटीच्या खाली येतं. काँग्रेसकडून येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं द्यायला या खात्यात वेगळी माणसं नेमलेली आहेत. तुम्ही हेल्पलाइनवर फोन केला की समोरच्याला स्क्रीनवर जवळपास तेवढंच दिसतं जेवढं तुम्हाला दिसतं, पण केसवर्करचा प्रश्न जिथे जातो तिथली माणसं फाईल नक्की कुठे आहे, कोणत्या टप्प्यावर आहे हे बघू शकतात आणि त्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं. मदत म्हणतात ती ही. कोणीतरी फाईल उघडून बघतं. निर्णय काय द्यायचा हे काँग्रेसमन सांगू शकत नाही, त्याने सांगूही नये, आणि तसं कोणी तुम्हाला प्रॉमिस करत असेल तर तिथून निघा. ही सेवा पूर्ण फुकट असते. 'आमची काँग्रेसमध्ये ओळख आहे, इतके डॉलर द्या, इन्क्वायरी लावून देतो' म्हणणारे भेटतात, त्यांना एक डॉलरही देऊ नका. निवडणुकीला देणगी दिली म्हणून काम लवकर होईल असंही नाही, हाऊस आणि सेनेटच्या नियमांनी या दोन गोष्टी एकमेकांपासून लांब ठेवल्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. तुमची केस अडकलीय, की तुम्ही रांगेत आहात?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीतून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची वर्षाची मूळ मर्यादा साधारण १,४०,००० आहे, ती १९९० च्या कायद्याने ठरली, आणि त्यात नवरा-बायको, मुलं सगळे धरलेले. वर एका देशाला ७ टक्क्यांची कमाल मर्यादा. भारतातून अर्ज करणारे इतके की ईबी-२ आणि ईबी-३ ची, म्हणजे नोकरीवाल्या ग्रीन कार्डाच्या दोन वर्गांची, रांग वर्षानुवर्षांची झालीय. स्टेट डिपार्टमेंट दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं त्यात कुठल्या प्रायॉरिटी डेटपर्यंत, म्हणजे रांगेतली जागा ठरवणाऱ्या तारखेपर्यंत, नंबर आलाय ते असतं. तुमची डेट अजून आली नसेल तर तुमची फाईल अडकलेली नाही, ती रांगेत उभी आहे, आणि केसवर्करने कितीही चांगलं पत्र पाठवलं तरी उत्तर एकच येणार, व्हिसा नंबर उपलब्ध नाही. भावाने बहिणीसाठी भरलेल्या एफ-४ चंही तेच. ही रांग कमी करायची तर कायदा बदलावा लागतो. ते कामही याच काँग्रेसमनचं, पण कायदा करणारा म्हणून, केसवर्करमार्फत चौकशी करणारा म्हणून नाही. देशांची मर्यादा काढायचं बिल जुलै २०१९ मध्ये हाऊसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं होतं, डिसेंबर २०२० मध्ये सेनेटने त्याचं वेगळं रूप पास केलं, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि सगळं तिथेच राहिलं. त्यासाठी मेंबरला जरूर लिहा, भेटा, पण ते पत्र वेगळं आणि तुमच्या केसचं पत्र वेगळं. एकाच ईमेलमध्ये दोन्ही घातलं की ते पत्र 'कायद्याबद्दल मत' या ढिगात जातं, उत्तर म्हणून छापील आभार येतात आणि तुमच्या केसला कोणी हातही लावत नाही.

डेट करंट आहे, म्हणजे नंबर आलाय, बायोमेट्रिक्स, म्हणजे बोटांचे ठसे देणं, झालंय, मेडिकल दिलंय, मागितलेली कागदपत्रं, म्हणजे आरएफईचं उत्तर कधीच गेलंय, आणि तरी काही हालत नाही, तर मग ती अडकलेली केस. आणि तेव्हा वेळेला खरंच किंमत असते. सरकारी आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, त्या वर्षाचे नोकरीचे व्हिसा नंबर वापरले नाहीत तर ते तुमच्या रांगेला परत मिळत नाहीत. २०२१ च्या आर्थिक वर्षात नोकरीवाली सुमारे ६६ हजार ग्रीन कार्डं अशीच न वापरता गेली, ज्यांच्या डेट तेव्हा करंट होत्या आणि ऑक्टोबरनंतर मागे गेल्या त्यांना विचारा ते काय असतं. मूल २१ वर्षांचं होणार असेल तर अजूनच घाई. २००२ चा मुलांचं वय धरून ठेवणारा कायदा आहे पण तो सगळ्यांना वाचवत नाही, वकिलाकडून ते गणित करून घ्या आणि ती तारीख पत्रात पहिल्या ओळीत घाला.

केस अडकलीय हे ठरवायला यूएससीआयएसच्या साइटवर प्रोसेसिंग टाइम्सचं पान आहे. तिथे जो आकडा दिसतो, समजा १२ महिने, तो म्हणजे गेल्या सहा महिन्यांत निकाल लागलेल्या केसेसपैकी ८० टक्के इतक्या वेळात झाल्या. म्हणजे पाचातल्या एकाला त्याहून जास्त लागलेच. १२ महिने झाले आणि तेराव्याला आपण कासावीस होतो पण खातं म्हणतं अजून विचारू नका. विचारायची तारीख वेगळी असते, तिथेच आपली रिसीटची, म्हणजे अर्ज पोचल्याच्या पावतीवरची, तारीख टाकली की ती कळते, आणि ती साधारण ९३ टक्के केसेस ज्या वेळात होतात त्यावर काढलेली असते. ती तारीख उलटली की आधी स्वतः ऑनलाइन इन्क्वायरी टाका, वेळेबाहेर गेलेल्या केसची. त्याचा नंबर मिळतो, तो जपून ठेवा. केसवर्कर सगळ्यात आधी हेच विचारेल की तुम्ही स्वतः काय केलंत, आणि तुमच्याकडे दोन इन्क्वायरींचे नंबर, तारखा आणि आलेलं मोघम उत्तर असेल तर तुमचं पत्र एकदम वजनदार होतं.

वेळ उलटली नाही पण घाई आहे, तर एक्सपेडाइट, म्हणजे केस नेहमीपेक्षा लवकर घेणं, मागता येतं. त्याचे निकष ठरलेत: माणसाचं किंवा कंपनीचं मोठं आर्थिक नुकसान, आजारपण किंवा तातडीचं मानवी कारण, सरकारी हिताचं काही, किंवा खात्याचीच उघड चूक असे. फक्त 'मला काम करायला ईएडी हवंय' एवढं कारण पुरत नाही, हे त्यांनी धोरणात स्पष्ट लिहिलंय. नोकरी जाणार असल्याचं एचआरचं तारीख घातलेलं पत्र, त्या नोकरीवर चालणारा हेल्थ इन्शुरन्स, सुरू असलेली ट्रीटमेंट, घराचा हप्ता, हे सगळं कागदावर दाखवावं लागतं. काँग्रेसचं ऑफिस तुमची एक्सपेडाइटची विनंती पुढे पाठवू शकतं पण पुरावे तुम्हालाच द्यायचे.

आता फॉर्म. १९७४ च्या प्रायव्हसी ॲक्टमुळे तुमच्या लेखी परवानगीशिवाय खातं तुमच्या फाईलबद्दल काँग्रेसमनलासुद्धा काही सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक ऑफिसचा एक प्रायव्हसी रिलीज फॉर्म असतो, मेंबरच्या वेबसाइटवर 'एजन्सीसोबत मदत' अशा नावाखाली सापडतो. दिसायला सोपा, दोन पानांचा, आणि तरी सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

गेल्या वर्षी मी एका ओळखीच्या ताईंसोबत त्यांच्या डायनिंग टेबलवर बसून हा फॉर्म भरला. पहिलीच ओळ, नाव. त्यांच्या पासपोर्टवर लग्नानंतर बदललेलं नाव, मधे नवऱ्याचं नाव. डिग्रीवर माहेरचं आडनाव, मधे वडिलांचं नाव. आणि रिसीटवर पहिलं आणि मधलं नाव एकत्र चिकटवून छापलेलं. आपल्या मराठी घरांत हे इतकं कॉमन आहे की आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण समोरच्या सिस्टिमला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. आम्ही ठरवलं की रिसीटवर जसं आहे अगदी तसंच लिहायचं, आणि खाली वेगळ्या ओळीत बाकीची नावं. मग रिसीट नंबर, तीन अक्षरं आणि दहा आकडे, शून्य आणि ओ ची गल्लत होऊ नये म्हणून मी वाचला आणि त्यांनी परत वाचून दाखवला. मग ए-नंबर (खात्याने दिलेला ओळख क्रमांक), जन्मतारीख (इथे महिना आधी, दिवस नंतर), पत्ता. सही मात्र अर्जदाराचीच लागते, अर्ज ज्याच्या नावाने आहे त्याची. नवऱ्याने बायकोसाठी करून चालत नाही. आय-१३० (नातेवाइकासाठीचा अर्ज) सारख्या केसमध्ये ज्याने पिटिशन भरलंय त्याची सही लागते, काही ऑफिसं दोघांचीही मागतात, आणि वेगवेगळे अर्ज असतील तर प्रत्येकाचा वेगळा फॉर्म मागू शकतात.

फॉर्मसोबत एक पत्र. ताईंनी आधीच लिहून ठेवलं होतं, तीन पानं, अमेरिकेत कधी आलो, किती टॅक्स भरतो, मुलं किती हुशार आहेत, किती अन्याय चाललाय. एकेक शब्द खरा होता आणि वाचताना मलाच भरून आलं. पण केसवर्करच्या टेबलावर अशी शेकडो पत्रं असतात, तिला त्यातून एक प्रश्न काढून पुढे पाठवायचाय. शेवटी आम्ही जे पाठवलं ते अर्ध्या पानाचं होतं, साधारण असं: माझा आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) अमुक तारखेला दाखल झाला, बायोमेट्रिक्स अमुक तारखेला झालं, आरएफईचं उत्तर अमुक तारखेला पोचलं, प्रायॉरिटी डेट अमुक महिन्यापासून करंट आहे, विचारायची तारीख उलटून चार महिने झाले, मी दोनदा इन्क्वायरी केली त्याचे नंबर हे, उत्तर मोघम आलं, कृपया विचारा की फाईल सध्या कोणत्या ऑफिसात आहे आणि निर्णयासाठी काही बाकी आहे का. बस एवढंच. 'माझी केस लवकर करा' याला उत्तर 'प्रक्रिया चालू आहे' असं देता येतं. 'काय बाकी आहे' याला तसं देणं अवघड जातं. सोबत रिसीटची कॉपी, आरएफईची कॉपी, इन्क्वायरीची उत्तरं. बाकी अख्खी फाईल पाठवू नका.

पाठवल्यावर काही दिवसांत केसवर्करचा ईमेल किंवा फोन येतो, मिळालं म्हणून. खात्याकडून उत्तर यायला साधारण महिना धरा, कधी आधी येतं कधी जास्त लागतं. आणि पहिलं उत्तर बऱ्याचदा निराश करणारं असतं, म्हणून ते नीट वाचायला शिकलं पाहिजे. 'बॅकग्राउंड चेक बाकी' म्हणजे सुरक्षेची तपासणी दुसऱ्या एजन्सीकडे आहे, इथे धक्का मारून फारसं होत नाही, पण तीस-साठ दिवसांनी परत विचारायला सांगा. 'ऑफिसरच्या नेमणुकीची वाट' म्हणजे फाईल तयार आहे पण कोणी उचललेली नाही, इथे पाठपुराव्याचा खरा उपयोग होतो. 'फाईल ट्रान्सफर झाली' हे उत्तर सोन्यासारखं, कारण कुठे गेली ते कळतं आणि तिथल्या प्रोसेसिंग टाइमशी तुलना करता येते. 'इंटरव्ह्यूच्या रांगेत' म्हणजे लोकल फील्ड ऑफिसकडे बघायचं. आणि कधी कळतं की मेडिकल नाही मिळालं, किंवा आरएफई पाठवलेलं जे तुम्हाला आलंच नाही, जुन्या पत्त्यावर गेलं. घर बदललं की १० दिवसांत पत्ता कळवायचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी पेंडिंग अर्जावरचा पत्ता बदलायचा राहतो.

लोक मला हमखास विचारतात की असं केल्याने खातं चिडणार नाही ना, मुद्दाम केस खराब करणार नाही ना. काँग्रेसकडून चौकशी येणं हा त्यांच्या कामाचा रोजचाच भाग आहे, तेवढ्या कारणाने केस नाकारता येत नाही. पण एक गोष्ट खरी, चौकशी आली की फाईल उघडली जाते, आणि फाईलमध्ये खरंच काही अडचण असेल, म्हणजे मधे स्टेटस तुटलंय, जुनी अटक आहे, नोकरी बदललीय आणि पेपर नीट झाले नाहीत, तर निर्णय लवकर येईल पण तो नको असलेला येईल. म्हणून आधी वकिलाशी एकदा बोला. आणि ज्यांच्याकडे सध्या कुठलंच स्टेटस नाही त्यांनी तर वकिलाशिवाय कुठेही सही करू नये, ही कळकळीची विनंती.

केस कुठल्या खात्यात आहे हेही बघा, कारण प्रश्न त्याच खात्याला जायला हवा. परदेशातल्या कॉन्सुलेटमध्ये २२१(जी) मध्ये, म्हणजे व्हिसा तूर्त थांबवून ठेवणाऱ्या कलमात, अडकला असाल तर ते स्टेट डिपार्टमेंटचं काम. ऑनलाइन तिथे 'नाकारलं' असं दिसतं आणि घरचे घाबरतात, पण बऱ्याचदा ती ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग, म्हणजे जास्तीची तपासणी, असते आणि चालूच असते. तिथे काँग्रेसचं ऑफिस स्टेटस विचारू शकतं, व्हिसा द्यायचा की नाही हे कॉन्सुलर ऑफिसरच ठरवतो. पर्म, म्हणजे नोकरीच्या ग्रीन कार्डाआधी लागणारी लेबरची मंजुरी, अडकलं असेल तर लेबर डिपार्टमेंट, आणि इमिग्रेशन कोर्टात केस असेल तर ते जस्टिस डिपार्टमेंटखाली, तिथे जजच्या निर्णयात कोणी पडत नाही.

तिन्ही ऑफिसांना एकदम लिहायचा मोह होतो, टाळा. तिघांचे प्रश्न त्याच टेबलावर जातात, उत्तर एकालाच मिळतं आणि बाकीच्यांना कळलं की ते हात काढून घेतात. मला विचाराल तर आधी हाऊस मेंबर, कारण सेनेटरकडे अख्खं राज्य असतं. दोन-तीन महिन्यांत काहीच झालं नाही तर पहिल्याला सांगून सेनेटरकडे जा. आणि आपला माणूस आहे म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मेंबरला लिहून उपयोग नाही. श्री ठाणेदार मराठी आहेत, २०२३ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून हाऊसमध्ये गेले, पण न्यू जर्सीतल्या माणसाचं पत्र ते ऑफिस न्यू जर्सीच्या मेंबरकडेच पाठवणार, ही तिथली जुनी पद्धत आहे. तुमचा मेंबर कुठल्या पक्षाचा आहे, इमिग्रेशनवर काय बोलतो याकडेही बघू नका, टीव्हीवर कडक बोलणाऱ्यांच्या ऑफिसातसुद्धा केसवर्कर असतो. हाऊसची टर्म दोन वर्षांची, म्हणून निवडणुकीनंतर जानेवारीत मेंबर बदलला तर तुमची परवानगी नव्या ऑफिसला आपोआप जाईल असं धरू नका, फॉर्म परत भरा.

हे सगळं करूनही हाललं नाही तर फेडरल कोर्टात मँडेमस, म्हणजे निर्णय द्या असा आदेश मागणं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात पण इथे पुष्कळ जण चढतात आणि अनेकदा सुनावणीच्या आधीच फाईल हलते. सिटिझनशिपचं तर कायद्यातच आहे, एन-४०० चा इंटरव्ह्यू होऊन १२० दिवसांत निर्णय नाही आला तर फेडरल कोर्टात जाता येतं. फक्त हे लक्षात घ्या की कोर्टात गेलात की बहुतेक काँग्रेसची ऑफिसं तुमची फाईल बाजूला ठेवतात, म्हणून आधी पत्र, मग कोर्ट.

ताईंचं कार्ड आलं त्या दिवशी त्यांनी मला फोन केला, मी म्हटलं आधी केसवर्करला ईमेल टाका. त्यांना कळवलं नाही तर त्यांच्याकडे फाईल उघडीच राहते आणि त्या दर महिन्याला खात्याला परत विचारत बसतात. ताईंनी दोन ओळी लिहिल्या, अर्ध्या तासात उत्तर आलं, केसवर्करने लिहिलं होतं की आज सकाळपासूनची ही पहिली चांगली बातमी.